१०० एमबीपीएसचं फायबर आहे तरी गाणं मधेच तुटतं, प्लॅन वाढवू का?

डोंबिवलीचा_बेसूर:
मंडळी वैतागलोय. टू बीएचके फ्लॅट, राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, आणि आतल्या खोलीत बाबांसाठी रास्पबेरी पायवर (छोटासा एका बोर्डाचा कॉम्प्युटर) नेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर करून दिलाय, जुन्या अ‍ॅम्पला जोडून. रोज सकाळी भीमसेनजींची तोडी लावतात, दहा मिनिटं मस्त चालते आणि ऐन रंगात आली की दोन सेकंद चिडीचूप, मग परत सुरू. बाबा म्हणतात यापेक्षा कॅसेट बरी, गुंतली तर पेन्सिल घालून सरळ तरी करता यायची. नेटवाला आला, हॉलमध्ये उभं राहून मोबाईलवर ९४ स्पीड दाखवला नि गेला. २०० चा प्लॅन घेऊ का?

तारवाला:
अजिबात नको, पैसे पाण्यात. सीडीचं गाणं कच्चं धरलं तरी १४११ केबीपीएस, फ्लॅक केलं (दर्जा न घालवता फाईल लहान केली) की त्याहून कमी. अगदी २४ बिट १९२ किलोहर्ट्झ घेतलंस तरी ९.२ एमबीपीएस. तुझ्याकडे त्याच्या दसपट आहे. घोळ स्पीडचा नाही, मधेच डेटा अडकतो आणि तोवर बफर, म्हणजे आधी भरून ठेवलेला साठा, संपतो. पाय कुठलं मॉडेल आहे, वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर आहे का ५ वर? आणि रोज सकाळीच होतं का?

डोंबिवलीचा_बेसूर:
३बी आहे. अ‍ॅल्युमिनियमची केस घेतलीये, दिसायला एकदम भारी. आणि हो, जास्त करून सकाळीच, आई दूध गरम करते त्या सुमारास 😅

तारवाला:
घ्या! ३बी ला ५ गिगाहर्ट्झ येतच नाही, ते ३बी प्लस पासून पुढे. अँटेना बोर्डावरच असते आणि तू ती धातूच्या डबीत कोंडलीस, वर दूध मायक्रोवेव्हमध्ये तापत असेल तर तोही २.४ च्याच आसपास चालतो. शिवाय बिल्डिंगमधले सगळे राउटर तिथेच, आणि एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, १, ६ नि ११. मोबाईलवर वायफाय अ‍ॅनालायझर टाकून बघ कुठल्यावर गर्दी कमी आहे, राउटर ऑटोवरून काढून तो चॅनल दे, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेव.

पुणेरी_कान:
एवढं करण्यापेक्षा मेश (घरभर वायफाय पसरवणारे एकमेकांना जोडलेले डबे) घ्या, आमच्याकडे प्रश्नच मिटला.

तारवाला:
मेश वाईट नाही हो, पण दोन डब्यांच्या मधला दुवा हवेतूनच असेल आणि ३बी परत २.४ वरच, तर दुखणं तेच. एका जागेवरून न हलणाऱ्या वस्तूला वायर द्यावी. पायला लॅनचं पोर्ट आहे, १०० चंच आहे पण गाण्याला रग्गड. बारा-पंधरा मीटर कॅट६ लॅन वायर घे, फक्त आत शुद्ध तांबं आहे ना ते विचार, स्वस्तातल्या वायरीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम असतं, वाकवलं की तुटतं.

डोंबिवलीचा_बेसूर:
टाकली! दाराच्या चौकटीवरून क्लिपा मारत नेली, आईला फारसं आवडलेलं नाही. चार दिवस झाले, एकदाही तुटलं नाही, दूध तापत असतानासुद्धा. आता एकच, लाईट गेली की राउटर बंद. मिनी यूपीएस चालेल का?

पुणेरी_कान:
चालेल. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्हीच्या अ‍ॅडॉप्टरवरचे व्होल्ट-अँपिअर बघून घ्या, आमच्याकडे एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा निघाला होता.