ट्रेनिंग: नागपूर की गोवा? शुक्रवारी फॉर्म द्यायचाय

संत्रानगरी_21: हॉटेल मॅनेजमेंटच्या ट्रेनिंगसाठी दोन हॉटेलांतून होकार आलाय. एक आपल्या वर्धा रोडवरचं पंचतारांकित, दुसरं गोव्यातलं रिसॉर्ट. बाबा म्हणतात, घरून ये-जा कर. मला गोव्याला जायचंय. प्लीज लवकर सांगा, झोप लागत नाहीये.

तर्रीपोहे: भाऊ, अर्धंच सांगून राहिला तू. चार वर्षांचं बीएचएमसीटी की तीन वर्षांचं बीएस्सी? ट्रेनिंग कधीपासून, किती आठवडे?

अनुभवी_काका: बारावीनंतर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा द्यावी. दादरची हॉटेल मॅनेजमेंट संस्था, आयएचएम, 1954 पासूनची आहे, तिथे प्रयत्न कर.

संत्रानगरी_21: काका, मी बीएचएमसीटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे! डिसेंबरपासून 20 आठवडे. आणि भाऊ नाही, मुलगी आहे. बाबांना रात्रपाळीचीच काळजी आहे.

किचनवाला_धरमपेठ: गोवा. डिसेंबरात तिथे ऐन सीझन. मी रोज सकाळी दहा किलो कांदा बारीक चिरायचो, पंधरा दिवसांत सुरी न बघता चालायला लागली. असा हात गर्दीतच बसतो.

लिननरूम: गर्दीत ट्रेनीला फक्त कांदाच मिळतो, हेही सांग ना! नागपुरात डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं, शिवाय लग्नसराई. हॉटेलं भरलेली असतात, फ्रंट ऑफिस म्हणजे रिसेप्शनचं काम शिकायला याहून चांगला महिना नाही. आणि हाउसकीपिंगला कमी लेखू नका. चादरीचा कोपरा 45 अंशात दुमडून गादीखाली असा ताणायचा की पाहुणा रात्रभर कूस बदलला तरी निघू नये. मला ते जमायला आठवडा लागला होता.

किचनवाला_धरमपेठ: तिला शेफ व्हायचं असेल तर चादरी काहून?

तर्रीपोहे: भांडू नका. ताई, दोन्ही पत्रांत चारही विभाग लिहिलेत का? फूड प्रॉडक्शन (म्हणजे किचन), सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग. आमच्या बॅचच्या एकाला वीस आठवडे बँक्वेटमध्येच, म्हणजे पार्ट्या-समारंभांच्या कामालाच ठेवलं. लॉगबुकची तीन विभागांची पानं कोरी राहिली, व्हायवात रडकुंडीला आला.

सावजीप्रेमी: गोव्यात सावजी शिकवतील का? आपला काळा मसाला पंचतारांकितात यायला पाहिजे.

लिननरूम: त्यासाठी वेगळा धागा काढ, मी येतो.

संत्रानगरी_21: आत्ता पत्र नीट वाचलं. गोव्याच्या पत्रात फक्त फूड प्रॉडक्शन आहे. नागपूरवाल्यांनी चारही लिहिलेत. मला शेफच व्हायचंय, पण मार्क चारही विभागांना आहेत.

तर्रीपोहे: मग गोव्याच्या एचआरला आजच मेल कर. चारही विभाग लेखी मागून घे, फोनवरच्या 'बघू'वर जाऊ नको. मुलींची राहायची सोय आणि रात्रपाळीला गाडी, हेही विचार. उत्तर बाबांना दाखव. गुरुवारपर्यंत लेखी आलं नाही, तर नागपूर भर.

संत्रानगरी_21: मेल टाकला. सीसीमध्ये कॉलेजच्या मॅडम.

लिननरूम: कुठेही गेलीस तरी काळे बूट अर्धा नंबर मोठे घे. दहा तास उभं राहून पाय सुजतात.