लोकल शहराच्या ‘ताब्यात’ की ‘अखत्यारीत’?

नीरक्षीर:
आमच्या प्रवासी संघटनेसाठी एक निवेदन लिहितो आहे. मागणी अशी, की मुंबईच्या लोकल गाड्यांचे निर्णय दिल्लीतल्या रेल्वे मंत्रालयाऐवजी इथे, महानगराच्या पातळीवर व्हावेत. पहिल्याच वाक्याला गाडी अडली आहे. एकाने लिहिलं, ‘लोकल महापालिकेच्या ताब्यात द्या’. दुसऱ्याने ‘हस्तांतरण करा’ सुचवलं, तिसऱ्याने ‘विकेंद्रीकरण करा’. तासभर वाद झाल्यावर कळलं की तिघांच्या मनात तीन वेगळ्या मागण्या होत्या! शब्द चुकला तर मागणीच चुकेल, म्हणून इथे विचारतो आहे. इंग्रजीत याला डिव्होल्यूशन म्हणतात. मराठीत नेमकं काय म्हणावं?

निवृत्तलेखनिक:
मी एका पालिकेत लेखनिक होतो, तेव्हा कार्यालयातल्या वापरातलं सांगतो.

एका खात्याची गोष्ट दुसऱ्याकडे जाते तेव्हा फायलीत ‘वर्ग करणे’ असं लिहितात. निधी वर्ग होतो, कर्मचारी वर्ग होतात, रस्ते वर्ग होतात. मुंबईतले दोन्ही द्रुतगती महामार्ग २०२२ मध्ये एमएमआरडीएकडून (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून) महापालिकेकडे देखभालीसाठी गेले, तेव्हाही हाच शब्द वापरात होता. ‘हस्तांतरण’ त्याचाच भारदस्त भाऊ. दोन्ही शब्दांत वस्तू हलते: काल तुमच्याकडे होती, आज माझ्याकडे आली.

‘ताबा’ त्याहून जड. बिल्डर घराचा ताबा देतो तेव्हा किल्ली हातात येते आणि गळकं छतही आपलं होतं. लोकल ‘ताब्यात’ मागितलीत तर रूळ, ओव्हरहेड वायर, कारशेड, मोटरमन, गार्ड सगळंच मागितलंत असा अर्थ निघेल, आणि समोरचा त्यावरच बोट ठेवून निवेदन बाजूला सारेल.

‘विकेंद्रीकरण’ या कामाला चालणार नाही. ते धोरणाचं नाव आहे. काय द्यायचं आणि कुणाला द्यायचं, यातलं काहीच त्यातून कळत नाही.

थेम्सकाठी:
लेखनिककाकांनी केलेला फरक इथे लंडनमध्ये रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

११ नोव्हेंबर २००७ रोजी सिल्व्हरलिंक कंपनीकडचे शहरातले रेल्वेमार्ग ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या संस्थेकडे आले आणि ‘लंडन ओव्हरग्राउंड’ हे नाव रूढ झालं. ही संस्था महापौरांच्या हाताखाली चालते. आता ‘आले’ म्हणजे काय, ते बघा. रूळ बहुतांशी देशपातळीवरच्या नेटवर्क रेलचेच राहिले. गाड्या आजही कंत्राटावर खासगी कंपनी चालवते. म्हणजे शहराला मालकी मिळाली नाही, आणि गाडी शहर स्वतः चालवतही नाही. शहराकडे आलं ते ठरवण्याचं काम. तासाला किती गाड्या, भाडं किती, स्टेशनवर माणूस किती वेळ हजर असावा, डबे कसे असावेत, हे शहर ठरवतं आणि कंत्राटदाराला तसं करायला लावतं. गाड्या चालू असेपर्यंत स्टेशनवर कर्मचारी असलाच पाहिजे ही अट तेव्हाच आली. रात्री उशिरा एकटीने परतणाऱ्या बाईला त्या एका अटीचं मोल विचारा. मे २०१५ मध्ये लंडनच्याच लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकाहून सुटणारे काही मार्गही याच पद्धतीने आले.

पुढे २०१६ मध्ये दक्षिण लंडनचे मार्गही असेच द्यायचं ठरत होतं, पण डिसेंबरमध्ये तेव्हाचे वाहतूक मंत्री ख्रिस ग्रेलिंग यांनी नकार दिला. देणं-न देणं केंद्राच्याच हाती राहतं, तेव्हा ‘मिळालं’पेक्षा ‘सोपवलं’ हे क्रियापद खरं. सोपवलेलं परत मागता येतं.

निवृत्तलेखनिक:
थेम्सकाठीताई, मग शब्द सापडला. तुम्ही ‘ठरवण्याचं काम’ म्हणालात, त्याला आपल्याकडे ‘अखत्यार’ म्हणतात. मूळ अरबी ‘इख्तियार’, त्याच्या धातूत ‘निवडणे’ हा अर्थ आहे. ‘मुखत्यार’ त्याच धातूचा. कुलमुखत्यारपत्र दिलं म्हणून घर मुखत्याराचं होत नाही, मालकाच्या वतीने निर्णय घ्यायची मुभा त्याला मिळते. लंडनला मिळालं ते हेच.

एक बोचणारी गोष्टही सांगतो. हा शब्द आपण जवळजवळ नकारापुरताच ठेवला आहे. ‘सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ हे वाक्य मी नोकरीत किती वेळा लिहिलं, मोजदाद नाही. स्टेशनबाहेरच्या पायऱ्यांचा अर्ज असला की हमखास. अर्ज करणारी माणसं तोच कागद घेऊन पलीकडच्या कार्यालयात जायची आणि तिथून तसंच पत्र घेऊन परत यायची. ‘अखत्यार’ हा मुळात निवडण्याचा हक्क सांगणारा शब्द, आणि आम्ही त्याचा वापर अर्जदाराला दारातून परतवायला केला. तुमच्या निवेदनात तो होकाराने आला तर मला फार बरं वाटेल.

हार्बरप्रवासी:
अखत्यार पुल्लिंगी ना? की ‘अखत्यारी’ स्त्रीलिंगी?

निवृत्तलेखनिक:
दोन्ही. ‘तो अखत्यार’, ‘ती अखत्यारी’. वर्तमानपत्रांत सप्तमीमुळे ‘अखत्यारीत’च जास्त दिसतं. निवेदनात ‘अखत्यार’ ठेवा, नेमका आणि ठसठशीत.

हार्बरप्रवासी:
मग ‘हद्द’ हा शब्दही घ्या, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. अखत्यार निर्णयाचा असतो आणि हद्द जमिनीची, पण आपल्याकडे जमिनीची हद्द संपली की निर्णयही संपतो. अंधेरीचा गोखले पूल आठवा. रुळांवरचा भाग रेल्वेच्या हद्दीत, जोडरस्ते महापालिकेचे. नवा पूल उंच झाला आणि २०२४ मध्ये तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना. ते जुळवायला आणखी काही महिने गेले.

दुसरं एक टोचतं. पालिकांना आपण ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ म्हणतो. स्थानिक म्हणजे लोकल. या शहराने ‘लोकल’ हा शब्द इतका आपला केला की ती बाई झाली: लोकल आली, लोकल चुकली, लोकल लेट आहे. तरी स्थानिक स्वराज्याच्या यादीत ती नाही. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत अठरा विषय आहेत. त्यांत पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आहेत. रेल्वे केंद्राच्या सूचीत.

बर्लिनकर:
जर्मनीत १९९६ पासून प्रादेशिक रेल्वेची जबाबदारी राज्यांकडे आहे. बर्लिन हे शहरही आहे आणि राज्यही, त्यामुळे इथली एस-बान, म्हणजे आमची लोकल, डॉइचे बान या राष्ट्रीय रेल्वे कंपनीची उपकंपनी चालवते आणि बर्लिन व ब्रांडेनबुर्ग ही राज्यं ती ‘बेष्टेलन’ करतात, म्हणजे मागवतात. वाण्याकडे यादी द्यावी तसाच साधा शब्द: इतक्या गाड्या, या मार्गावर, या वेळेला. पैसे मागवणारा देतो आणि माल कमी आला तर पैसे कापतो. नीरक्षीर, निवेदनात ‘लोकल मागवण्याचा हक्क’ असं लिहिलं तर सामान्य वाचकालाही पटकन कळेल असं वाटतं.

नीरक्षीर:
बर्लिनकर, कल्पना अचूक आहे, पण मराठीत ‘मागवणे’ म्हटलं की जेवण आणि पुस्तकं डोळ्यांपुढे येतात. ते निवेदनाच्या स्पष्टीकरणात घेतो.

पैशांच्या मुद्द्यावरून मुंबई रेल्वे विकास महामंडळ आठवलं. १९९९ मध्ये स्थापन झालं, ५१ टक्के वाटा रेल्वेचा, ४९ टक्के राज्याचा. प्रकल्प बांधायला राज्य पैसे घालतं, मात्र लोकल चालवतात मध्य आणि पश्चिम रेल्वे. म्हणजे इथे ‘भागीदारी’ आहे, ‘अखत्यार’ नाही. हा फरक मी आजवर कुणाला नीट समजावू शकलो नव्हतो. आता दोन शब्दांत सांगता येईल.

हार्बरप्रवासी:
आणखी एक जुना शब्द: ‘उपक्रम’. एरवी उपक्रम म्हणजे शाळेतलं वृक्षारोपण, पण मुंबईत ‘बेस्ट उपक्रम’ म्हटलं की महापालिकेने चालवलेला सार्वजनिक व्यवसाय. ७ ऑगस्ट १९४७ रोजी बेस्ट महापालिकेकडे आली, ट्रामसकट. शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ रोजी. म्हणजे जवळपास सतरा वर्षं या शहरात रुळांवर धावणारी एक गाडी महापालिकेच्या मालकीची होती. तिथे मालकी, ताबा आणि अखत्यार तिन्ही एकत्र होते. ‘शहराला रुळावरची गाडी झेपणार नाही’ असं कुणी म्हणालं तर हे जरूर सांगा.

नीरक्षीर:
हे नव्हतं माहीत. घेतो.

पहिलं वाक्य असं केलं आहे: ‘मुंबई परिसरातील लोकल गाड्यांचे वेळापत्रक, थांबे, भाडे व स्थानकांवरील सोयी ठरविण्याचा अखत्यार महानगराकडे सोपवावा, रूळ, सिग्नल व गाड्यांची मालकी रेल्वेकडेच राहावी.’ कसं वाटतं?

थेम्सकाठी:
छान. फक्त ‘महानगर’ कोण, ते लिहा. ओव्हरग्राउंडची एक गाडी चेसहंटला जाते. ते लंडनच्या बाहेर, हर्टफर्डशायरमध्ये आहे. तिथले लोक लंडनच्या महापौराला मत देत नाहीत, पण त्यांच्या गाडीचं वेळापत्रक तो ठरवतो.

नीरक्षीर:
ताई, हे तर आमच्याकडे जास्तच खरं आहे. मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, नवी मुंबई, पनवेल, मीरा-भाईंदर, वसई-विरार अशा महापालिका; शिवाय अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, खोपोली या नगरपालिका. आणि कसारा तर कुठल्याच महापालिकेत नाही. पहाटेची लोकल पकडून भाजीच्या पाट्या आणणारी तिथली बाई महानगरात येते, पण महानगराची मतदार नाही. ‘महापालिका’ शब्द मी म्हणूनच गाळला, पण ‘महानगर’ हा शब्द तिला आत घेतो का?

निवृत्तलेखनिक:
नाही घेत. ‘महानगर व लोकलमार्गावरील सर्व स्थानिक स्वराज्य संस्था’ असं लिहा. लांबलचक आहे, पण त्यात कसाऱ्याची ग्रामपंचायत येते.