युलिसिस: तिसऱ्या प्रकरणाची वेस

जेम्स जॉइसची 'युलिसिस' ही कादंबरी चार वेळा अर्धवट सोडली, आता परत पहिल्या पानापासून घ्यावी का, असं एका वाचकाने विचारलंय. माझं मत, मुळीच नको. ती पानं एव्हाना पाठ झाली असतील, तिथेच पुन्हा कशाला दमायचं?

मीही तीनदा तिसऱ्या प्रकरणातच आपटलो. कादंबरीतला तरुण स्टीफन समुद्रकिनाऱ्यावर एकटा चालतोय, घडत काहीच नाही, आणि डोक्यात ॲरिस्टॉटलपासून सगळे. माझ्या प्रतीत तिथे समासात पेन्सिलीची प्रश्नचिन्हं आहेत. पुढे तीही संपतात!

चौथ्यांदा ते प्रकरण चक्क ओलांडलं. चौथ्या प्रकरणात १६ जून १९०४ची तीच सकाळ कादंबरीचा नायक ब्लूम याच्या घरून पुन्हा सुरू होते, त्यामुळे फार काही अडत नाही. मांजर त्याच्याशी बोलतं, तर जॉइसने तिचं 'म्याव' तीनदा तीन वेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलंय. तव्यावर मूत्रपिंड करपतं. इथे पहिल्यांदा मी हसलो, आणि मग पुस्तक आपलंसं वाटायला लागलं.

चौदाव्या प्रकरणाची मात्र आधीच कल्पना देतो. प्रसूतिगृहातला प्रसंग इंग्रजी गद्याच्या जुन्यापासून नव्यापर्यंतच्या शैलींत लिहिलाय. तिथे सरळ चाळलं, लाज वाटली नाही. शेवटचं, ब्लूमच्या बायकोचं, मॉलीचं, जवळजवळ विरामचिन्हांशिवायचं प्रकरण मधेच मोठ्याने वाचून टाकलं. कानाला ते सोपं जातं.

सध्या सतराव्यात आहे. सगळी प्रश्नोत्तरं. ब्लूम आणि स्टीफन कोको पिणार, तर नळाचं पाणी कुठल्या जलाशयातून आलं इथपासून सुरुवात.