कमला हॅरिसचं शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनातलं भाषण ऐकलंत का? मत कशावरून ठरवताय?

मोगरा_एनजे (२३ ऑगस्ट २०२४)
यंदाच सिटिझन झालेय, नोव्हेंबरमध्ये इथलं पहिलं मत देणार, म्हणून काल रात्री जागून लेकीबरोबर अख्खं भाषण ऐकलं. हॅरिसची आई १९ व्या वर्षी एकटी भारतातून कॅलिफोर्नियाला आली हे माहीत होतंच. पण पाच फुटांची, सावळी, ॲक्सेंट असलेली माझी आई, आणि लोक तिच्याशी कधीकधी कसे वागायचे ते थोरली म्हणून मी बघायचे, असं ती म्हणाली ना, तिथे मला एकदम भरून आलं. गेल्याच महिन्यात फार्मसीच्या काउंटरवर मी तीनदा आडनाव सांगितलं, शेवटी ती बाई माझ्या लेकीला म्हणाली तूच सांग, आणि माझ्या १२ वर्षांच्या पोरीने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. घरी येईपर्यंत दोघी गप्प. काल ते वाक्य आलं तसा तिने टीव्हीकडे बघतच माझा हात धरला.
पुढे सीमा सुरक्षेचं बॉर्डर बिल परत आणणार म्हणाली, पण आपल्या ग्रीन कार्डच्या रांगेबद्दल अवाक्षर नाही. मन तिच्याकडेच ओढ घेतंय, पण रडू आलं म्हणून मत द्यायचं का?

पिट्सबर्गकर
ताई, मी मिलवॉकीच्या रिपब्लिकन अधिवेशनातलं ट्रम्पचं भाषणही ऐकलं, दीड तासाचं. ट्रम्पच्या सभेतल्या गोळीबारात गेलेल्या त्या फायरमनचं जॅकेट आणि हेल्मेट स्टेजवर ठेवलेलं, तेव्हा मलाही गलबलून आलं. म्हणून रडू येण्यावर मी ठरवत नाही. माझी मुलगी टेक्सासला शिकते, तिथे अबॉर्शनवर जवळपास बंदीच आहे, त्या हक्काबद्दल हॅरिस जे आडपडदा न ठेवता बोलली ते मला पटलं, माझं मत तिला.

रेवा_डॅलस
मला मत नाही, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आमची प्रायोरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत लागल्याची तारीख, २०१४ ची. मुलगा चार वर्षांचा असताना आलो, आता २० चा आहे, २१ झाला की आमच्या व्हिसावर मिळालेला त्याचा एच-फोर व्हिसा संपणार आणि जिथे वाढला तिथेच त्याला स्टुडंट व्हिसा काढावा लागणार. साडेतीन वर्षं व्हाइस प्रेसिडेंट आहे ती, काल आईची गोष्ट सांगताना या मुलांसाठी एक वाक्य तरी बोलायला हवं होतं. फार लागलं मला.

अण्णा_ह्यूस्टन
रेवा, तुझं दुखणं खरंय गं. पण नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला सात टक्के, हे कायद्यातच आहे, तो बदलायचा तर काँग्रेसनेच. मोगरा, तुमच्याकडे न्यू जर्सीत यंदा सिनेटची जागा पण आहे ना, मग प्रेसिडेंटच्या खालची नावंही नीट बघ आणि मत मागायला येतील त्यांना हेच विचार.

मोगरा_एनजे
अण्णा, खालच्या नावांचा मी विचारच केला नव्हता. सिनेटच्या दोन्ही उमेदवारांना आज रात्रीच मेल लिहिते, लेक म्हणतेय मी पण बसते. रेवा, मुलाला २१ कधी पूर्ण होतायत? नाव नाही घालत, पण तारीख घालते.