शँडीचा फेस
शँडी, म्हणजे बियर आणि लेमोनेड एकत्र, करताना फेस ग्लासातून उतू जात असेल, तर बहुतेक बियर पुरेशी गार नसणार, कोमट असली की गॅस भसाभस सुटतो. बियर, लेमोनेड, ग्लास सगळं थंडगार घ्या, ग्लास तिरका धरून आधी लेमोनेड आणि मग बियर कडेकडेने सोडा, अर्धी-अर्धी. आणि शेकरमध्ये बियर घालून हलवू नका हो, झाकण उडेल!

मला स्वतःला मिचेलाडा जास्त आवडतं, मेक्सिकन प्रकार आहे, ग्लासच्या कडेला लिंबू फिरवून मीठ-तिखट लावायचं, आत लिंबाचा रस, हॉट सॉस, थोडा वूस्टरशायर सॉस, बर्फ आणि वरून हलकी लागर बियर. फक्त मीठ बियरमध्ये सांडू देऊ नका, परत फेस वर येतो.