'बूनीज'मध्ये टाकलंय म्हणे!

रानवाट: काल इथेच एका भिडूने लिहिलं, "कंपनीने आयोवाच्या बूनीजमध्ये टाकलंय, काळं कुत्रं फिरकत नाही." खाली हशा. मला नाही आलं हसू. बूनीज म्हणजे बूनडॉक्स, अमेरिकी बोलीत आडरान, आणि तो शब्द फिलिपिन्सच्या तागालोग भाषेतला 'बुंदोक'. अर्थ साधा: डोंगर. १८९९ पासून तिथे लढलेल्या अमेरिकी शिपायांनी तो उचलला. ज्यांच्या डोंगरात घुसून माणसं मारली, त्यांचाच शब्द हिणवायला! टिंबक्टूचंही तेच. मालीतलं हे शहर एके काळी विद्येचं माहेरघर, हजारो हस्तलिखितं तिथे. आपल्या लेखी मात्र 'जगाचं टोक'. आणि हे कोण बोलतंय, तर सांगोल्याचा माणूस!

मक्याचं_शेत: तो भिडू मी. एक, मी सांगोल्याचा नाही, मंगळवेढ्याचा. दोन, दूध संपलं की चाळीस मिनिटं गाडी हाकून बघा, मग व्युत्पत्ती शिकवा. इथले शेतकरी स्वतःच 'आम्ही स्टिक्समधले', म्हणजे आडरानातले, म्हणतात, हसत हसत.

रानवाट: त्यांनी म्हणणं वेगळं, तुम्ही म्हणणं वेगळं. एवढं कळू नये?

कांगारू_काका: आमच्याकडे ऑस्ट्रेलियात आडगावाला 'वूप वूप' म्हणतात. असं गावच नाही, त्यामुळे कुणाला लागत नाही.

रानवाट: काका, ते नाव मूळ रहिवाशांच्या गावनावांसारखं वाटावं म्हणून तसं दुहेरी केलंय, असं मानतात. तुमच्याकडचंच वाग्गा वाग्गा शहर आठवा.

कांगारू_काका: तुमच्यासमोर शिंकायचीही चोरी.

कोथरूडची_सून: इंग्रजांना कशाला धरता? माझं माहेर आंबेगाव बुद्रुक. बघण्याच्या कार्यक्रमात सासूबाईंच्या बहिणीने विचारलं, "बुद्रुक म्हणजे अजून खेडंच ना?" बारा वर्षं झाली, विसरले नाही.

शून्य_मैल: पण बुद्रुक म्हणजे मागासच ना? सगळे तसंच वापरतात.

कोथरूडची_सून: घ्या! बुद्रुक म्हणजे फारसी 'बुजुर्ग', थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. एकाच नावाची दोन गावं, म्हणून ओळखायला. तुमचे 'सगळे' चुकतात.

ओढ्यापलीकडे: थोरलं कागदावर! मी खुर्दातला. आमच्याकडे शाळा आधी, एसटी आधी. बुद्रुकवाले ओढा ओलांडून आमच्या गिरणीत दळायला यायचे. तरी सोयरीक जमवताना "खुर्दातले का?" हे ऐकलंय. थोरलेपणाचा माज बुद्रुकांनाच.

कोथरूडची_सून: मी माज केला? मी तर ऐकून घेतलं!

शून्य_मैल: शब्दाचं मूळ काही असो, आज जो अर्थ चालतो तोच खरा.

रानवाट: मग मुंबईत 'घाटी' म्हणतात तोही चालू द्या. घाटावरचा, एवढाच अर्थ. पहिल्या नोकरीत साहेबाने सगळ्यांसमोर म्हटलं, तेव्हा मलाही 'आजचा अर्थ'च लागला होता.

मक्याचं_शेत: आता कळलं कुठे दुखतंय ते. हे आधी सांगितलं असतंत तर फिलिपिन्सला वळसा पडला नसता.

रानवाट: दुखतंय म्हणून खोटं होत नाही.

मक्याचं_शेत: नाही म्हणालो? बरं बाबा, उद्यापासून 'आयोवा बुद्रुक' लिहितो. झालं समाधान?

ओढ्यापलीकडे: कुत्रं फिरकत नाही तिथे बुद्रुक कसलं? खुर्द लिहा.

कोथरूडची_सून: म्हणजे खुर्दात कुत्रं फिरकत नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.