मदत हवी आहे: शार्न शहरातली डिटेक्टिव्ह कशी उभी करू?

मंडळी, नमस्कार.

दोन आठवड्यांनी आमचं नवं कॅम्पेन सुरू होतंय. डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फासे टाकत गोष्ट खेळायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४चेच नियम, सेटिंग एबेरॉन हे काल्पनिक जग. सगळी गोष्ट शार्न शहरातच घडणार आहे आणि सुरुवात तिसऱ्या लेव्हलपासून आहे. डीएम (गोष्ट चालवणारा) धरून आम्ही पाच जण. तिघं पुण्यात, एक नाशिकला, एक डब्लिनला, म्हणून शनिवारी रात्री ऑनलाइन बसतो आणि मराठीतच खेळतो. मला यात शहरी डिटेक्टिव्ह खेळायची आहे, आणि या वेळी ती मनासारखी जमायला हवी.

मागच्या कॅम्पेनमध्येही मी तपास करणारंच पात्र घेतलं होतं. गोदामात एकाचा खून झाला होता. मी मेजाखाली काय आहे, दाराची कडी आतून लावलीय का, मेणाचे थेंब कुठवर गेलेत, असं एकेक विचारत होते. दर वेळी उत्तर एकच, "इन्व्हेस्टिगेशन टाक." म्हणजे तपासासाठी वीस बाजूंचा फासा टाक, आकडा मोठा तितकं बरं. मला ३ पडला. काही सापडलं नाही. दुसऱ्याला ५. तब्बल वीस मिनिटं आम्ही त्या गोदामात अडकलो. शेवटी एकाला १९ पडला आणि डीएमने खुनी कोण, कुठून आला, का मारलं, सगळंच वाचून दाखवलं. ३ पडल्याचं मला तेवढं वाटलं नाही. १९ पडल्यावरसुद्धा डोकं चालवायला काही उरलं नव्हतं, ते फार लागलं.

आता नवीन पात्र. हाफ-एल्फ (अर्धी माणूस, अर्धी एल्फ), अंगावर हाउस मेदानी या घराण्याचं मार्क ऑफ डिटेक्शन, म्हणजे शोध घ्यायला मदत करणारी जादुई खूण, पण घराण्याशी संबंध तुटलेले. आधी शार्न वॉचमध्ये, म्हणजे शहराच्या पोलिसांत, नेमणूक लोअर ड्युरा या खालच्या वस्तीत. ज्यांना शार्न माहीत नाही त्यांच्यासाठी: हे शहर आडवं पसरण्याऐवजी उभं वाढलंय. बुरुजांवर बुरुज आणि त्यांना जोडणारे पूल. पैसेवाले वरच्या वॉर्डांत, गरीब खाली, त्याहून खाली कॉग्जमधल्या भट्ट्या, आणि सगळ्यांच्या डोक्यावर तरंगणारं स्कायवे. वरून कुणी पडलं की तळाच्या चौकीत 'अपघात' अशी नोंद होते. माझ्या बाईने अशाच एका नोंदीवर सही करायला नकार दिला आणि तिची नोकरी गेली. एवढंच ठरलंय, नावसुद्धा ठरायचंय.

क्लास (पात्राचा पेशा) रोग, म्हणजे Rogue, सबक्लास झनाथरच्या पुस्तकातला इन्क्विझिटिव्ह, तपासात तरबेज. क्षमतांचे आकडे घ्यायला मिळणाऱ्या २७ पॉइंट्समध्ये डेक्स (चपळाई) १५, विझ्डम (जाण) १४, इंटेलिजन्स १४, स्ट्रेंग्थ ८. मार्कचे आकडे धरले की डेक्स १६ आणि विझ्डम १६ होतो. उरलेल्या ४ पॉइंट्समध्ये कॉन्स्टिट्यूशन (कॉन, शरीराचा काटकपणा) आणि करिझ्मा (बोलण्याची छाप) दोन्ही १० ठेवू, की कॉन १२ आणि करिझ्मा ८? डिटेक्टिव्हला चौकशी करायची असते, तिचा करिझ्मा ८ असणं मनाला पटत नाही.

दुसरं, पार्टीत बार्ड (जादू करणारा गायक) आणि क्लेरिक (देवाच्या नावाने जादू करणारा) आहेत. दोघांनाही आत्ताच झोन ऑफ ट्रुथ (खोटं बोलू न देणारा स्पेल, म्हणजे मंत्र) घेता येतो, बार्डला शिवाय मनातलं वाचणारा डिटेक्ट थॉट्स. पाचव्या लेव्हलला क्लेरिक स्पीक विथ डेड घेऊन थेट प्रेतालाच विचारेल. मग माझं काम काय उरतं? त्यांना हे स्पेल घेऊ नका असं सांगणं मला बरोबर वाटत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते गोदाम पुन्हा होऊ नये म्हणून डीएमशी आधीच काय बोलून ठेवू? या वेळचा डीएम नवीन आहे, पण मनापासून ऐकून घेणारा आहे.

प्रतिसाद १

आकड्यांचं आधी. करिझ्मा ८ घ्या, कॉन १२. बोलायला बार्ड आहे ना? त्याला बोलू द्या आणि तुम्ही शेजारी उभं राहून समोरच्याचा चेहरा वाचा. इन्साइट (माणूस ओळखणं) आणि इन्व्हेस्टिगेशनला एक्स्पर्टिज (कौशल्याचा दुप्पट बोनस) द्या, म्हणजे इन्साइट +७, इन्व्हेस्टिगेशन +६. इन्क्विझिटिव्हला खोटं ओळखताना फाशावर ७ किंवा कमी पडला तर तो ८ धरतात. म्हणजे तुमचा निकाल १५च्या खाली जाणारच नाही, आणि मार्कचा डी४, म्हणजे चार बाजूंचा फासा, वर मिळतो तो वेगळाच. बार्ड प्रश्न विचारतोय आणि तुम्ही टेबलाखालून त्याला खूण करताय की हे शेवटचं वाक्य खोटं होतं, हा प्रसंग दोघांचाही होतो. तुम्ही एकट्यानेच तपास केलात तर बाकीचे तिघं ताटकळत बसतात, त्यावरही हा उपाय आहे.

बॅकग्राउंड (पात्राचा पूर्वीचा व्यवसाय) सिटी वॉच घ्या, त्यातला इन्व्हेस्टिगेटर प्रकार. अॅथलेटिक्सच्या जागी इन्व्हेस्टिगेशन मिळतं. शिवाय नव्या वस्तीत वॉचची चौकी आणि गुन्हेगारांचे अड्डे दोन्ही तुम्हाला सहज सापडतात.

प्रतिसाद २

मी स्वतः शार्नमध्ये डीएम म्हणून बरीच सेशन्स चालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्पेलना घाबरू नका. झोन ऑफ ट्रुथमध्ये माणूस खोटं बोलू शकत नाही, पण गप्प राहू शकतो, उत्तर टाळू शकतो, आणि स्वतःला खरं वाटतं ते चुकीचं असलं तरी बिनदिक्कत सांगू शकतो. शार्नमध्ये चेंजलिंग, म्हणजे हवं ते रूप घेणारे लोक आहेत. "मी त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पुलावर पाहिलं" हे वाक्य झोनमध्ये खरंच ठरेल आणि तरी त्या रात्री पुलावर दुसराच कुणी असेल. प्रेताला प्रश्न पाचच विचारता येतात, त्याचं तोंड शाबूत लागतं, आणि पाठीमागून ढकललेल्या माणसाला कुणी ढकललं हे मेल्यावरही ठाऊक नसतं. स्पेलमधून साक्ष मिळते. साक्षी जुळवायला तुम्हीच लागणार.

आता गोदामाबद्दल. डीएमला सांगा की पुरावा सापडण्यासाठी फासा टाकायला लावू नको. योग्य जागी शोधलं की पुरावा हातात पडू दे. फासा टाकायचाच तर किती वेळ गेला, कुणाला चाहूल लागली, यासाठी टाक. आणि पार्टीने ज्या निष्कर्षापर्यंत पोचायला हवं, त्या प्रत्येकासाठी किमान तीन पुरावे ठेव. जस्टिन अलेक्झांडर यांनी मांडलेला हा नियम डीएम लोकांत चांगलाच रुळलेला आहे, आणि माझ्या टेबलावर त्याने कधी दगा दिलेला नाही.

पण खरी गंमत शहराच्या स्वतःच्या कायद्यांत आहे. माझ्या टेबलावरचा एक प्रसंग सांगतो. खालच्या वॉर्डात प्रेत, हाडांचा चुरा, सगळे म्हणतात वरून पडला. खिशात फेदर टोकन, म्हणजे पिसाचं चित्र कोरलेली धातूची छोटी चकती. २० फूट किंवा जास्त पडलात की ती आपोआप काम करते, माणूस अलगद उतरतो आणि मग चकतीतली जादू संपते. खेळाडूने डिटेक्ट मॅजिक हा जादू ओळखणारा स्पेल केला. चकतीत जादू शिल्लक होती. मी फक्त तेवढंच सांगितलं. टेबलावर शांतता पसरली आणि मग एक जण हळूच म्हणाला, "म्हणजे हा पडलाच नाही." मारून आणून टाकलाय, नाहीतर चकती नंतर खिशात सरकवलीय. पुढचा दीड तास मला काही बोलावंच लागलं नाही.

तुमच्या मार्कमुळे डिटेक्ट मॅजिक करता येतं, पण लाँग रेस्ट (रात्रीची मोठी विश्रांती) होईपर्यंत एकदाच. ते दहा मिनिटांपर्यंत टिकतं. तुमची बाई प्रत्येक पडलेल्या माणसाजवळ दहा मिनिटं गुडघे टेकून बसते, ही तिची सवयच करून टाका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चकतीचं वाचून अंगावर काटा आला.

ठरलं. कॉन १२, करिझ्मा ८, बोलायला बार्ड. त्याला आत्ताच फोन केला, तो खूशच झाला. दोघांत खुणाही ठरवल्या: कप उजवीकडे सरकवला तर माणूस खोटं बोलतोय, डावीकडे सरकवला तर घाबरलाय. ऑनलाइन कप दिसणार नाही, म्हणून चॅटमध्ये 'उ' आणि 'डा' लिहायचं.

पुरावा आणि फासा यांबद्दल डीएमला रात्री सविस्तर लिहिते. आणि ज्या नोंदीवर तिने सही केली नाही, त्या माणसाच्या खिशात काय होतं हे मी बॅकस्टोरीत लिहिणार नाही, ते डीएमने ठरवावं. तिने तेव्हा दहा मिनिटं बसून पाहिलं नव्हतं, वरिष्ठ घाई करत होते. म्हणूनच आता ती बसते.

एक शेवटचं विचारते. लोअर ड्युराच्या चौकीत तिचा एक जुना सहकारी अजून नोकरीत आहे असं मनात आहे. तो तिच्या बाजूचा असावा, की ज्याने तिच्या जागी त्या नोंदीवर सही केली तोच असावा?